बाबांची दाढ आणि मेक्सिकोची बॉर्डर: लॉस अल्गोडोनेसच्या डेंटिस्टचा अनुभव

बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे ॲरिझोनात चँडलरला आलेत आणि तिसऱ्याच आठवड्यात चिक्की खाताना त्यांची खालची दाढ अर्धी तुटली. बाबांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये दात धरत नाहीत हे मला तेव्हा कळलं, इतकी वर्षं इथे राहून कधी वाचलंच नव्हतं. इथल्या डेंटिस्टने रूट कॅनाल आणि कॅप मिळून २,९०० डॉलर सांगितले, बाबांनी तिथल्या तिथे मनात गुणाकार केला आणि म्हणाले, "अगं, एवढ्यात मी अलिबागला जाऊन दाढ करून परत येईन." तिकीट काढून जाणं शक्य नव्हतं आणि गाल सुजत चालला होता. ऑफिसमधली एक मैत्रीण म्हणाली अल्गोडोनेसला जा, तिचे आईवडील दर हिवाळ्यात तिकडेच जातात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, लॉस अल्गोडोनेस हे मेक्सिकोतलं अगदी उत्तरेच्या टोकाचं गाव, ॲरिझोनातल्या युमापासून गाडीने १५-२० मिनिटं. वस्ती जेमतेम ५-६ हजार आणि डेंटिस्ट शेकड्याने! चार गल्ल्यांत जिकडे बघाल तिकडे दाताच्या पाट्या, चष्म्याची दुकानं आणि फार्मसी, म्हणून त्याला मोलर सिटी म्हणतात, म्हणजे दाढांचं शहर. अमेरिकेतले आणि कॅनडातले म्हातारे लोक थंडी टाळायला युमाला येऊन राहतात आणि दात इकडे करून घेतात.

नवरा आधी तयारच नव्हता. २०२३ च्या मार्चमध्ये मेक्सिकोतल्या मातामोरोसला चार अमेरिकन लोक त्यांच्यातल्या एकीच्या ऑपरेशनसाठी गेले होते, त्यांना भर रस्त्यात पळवलं आणि दोघं मारले गेले, ती बातमी त्याच्या डोक्यात पक्की बसलेली. मी त्याला नकाशा काढून दाखवला की मातामोरोस पार दुसऱ्या टोकाला, समुद्राच्या बाजूला तामाउलिपास राज्यात आहे आणि त्या राज्याला अमेरिकन सरकारनेच "जाऊ नका" असं सांगितलंय, अल्गोडोनेस बाहा कॅलिफोर्नियात आहे. पण खरं सांगायचं तर तिकडेही जपून जा अशीच सूचना आहे, ते मी त्याच्यापासून लपवलं नाही. शेवटी ठरलं की दिवसा जायचं, पायी जायचं, काम झालं की परत.

पहाटे निघालो, तीन तासांत युमा. गाडी अमेरिकेच्याच बाजूला क्वेचान आदिवासी लोकांच्या पार्किंगमध्ये लावली. ही जमीन त्यांची, पार्किंग तेच चालवतात, माणसं चांगली आहेत, बाबांना उतरायला वेळ लागला तर त्यातला एकजण हात द्यायला आला. मग चालत मेक्सिकोत. दोन मिनिटं लागली हो. एक फिरतं लोखंडी दार, पलीकडे एक टेबल, बाबांच्या खांद्याला एवढी मोठी शबनम, आत डबा, थर्मास, औषधं, कोणी बघितलंसुद्धा नाही. अमेरिकन व्हिसा चालू असला की भारतीय पासपोर्टवाल्यांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, तरी मी स्वतःहून ऑफिसात जाऊन फॉर्म भरला, तुम्हीही भरा, कागद जवळ असलेला बरा. ही दोन मिनिटं लक्षात ठेवा, पुढे त्याबद्दल बोलायचंय.

दार ओलांडलं की लगेच माणसं अंगावर येतात, "डेंटिस्ट? ग्लासेस? फार्मसी?" त्यांना तिकडे हालादोर म्हणतात, गिऱ्हाईक ओढून आणायचं त्यांना कमिशन मिळतं. त्यांच्या मागे जाऊ नका. आम्ही पहिल्यांदा एकाच्या मागे गेलो, तिथे आधी ४०० डॉलर सांगितले आणि खुर्चीत बसवून एक्सरे काढल्यावर ते ९०० झाले, आणखी दोन दाढा काढायला पाहिजेत म्हणे. बाबा तोंडातला कापूस काढून सरळ उठले. मग मैत्रिणीने सांगितलेल्या दवाखान्यात गेलो, जिथे खरं म्हणजे आधीच जायला पाहिजे होतं.

हा दवाखाना मात्र उत्तम. डॉक्टर बाई चाळिशीच्या, हात एकदम हलका, भूल देताना बाबांना कळलंसुद्धा नाही. एक्सरे स्क्रीनवर मोठा करून प्रत्येक मूळ दाखवलं, आणि ६२० डॉलर सांगितले ते शेवटपर्यंत ६२०च राहिले. सगळ्यात भारी म्हणजे कॅप तिथेच बनते. दाढेचं माप कॅमेऱ्याने घेतात, मग एका काचेच्या पेटीत छोटासा जांभळट ठोकळा ठेवतात, दोन बाजूंनी बारीक सुया आणि पाण्याचा फवारा, आणि पंधरा-वीस मिनिटांत त्यातून दाढ कोरून निघते, तीही जांभळीच. मग भट्टीत भाजली की दाताच्या रंगाची होऊन बाहेर येते. बाबा तोंड बधीर असतानाही उठून त्या पेटीसमोर जाऊन उभे राहिले, गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे रंगवताना बघावं तसे.

भट्टी चालू असताना डॉक्टर बाईंशी बोलणं झालं. मी सहज विचारलं की इथे भीती नाही वाटत का, रोज कार्टेलच्या, म्हणजे ड्रगवाल्या टोळ्यांच्या बातम्या येतात. त्या म्हणाल्या, या चार गल्ल्यांत शांतता आहे, कारण इथे सगळ्यांचं पोट परदेशी पेशंटवर आहे, पण माझा भाऊ बॉर्डरवरच्याच तिहुआना शहरात असतो, रात्री फोन उचलला नाही तर आईला झोप लागत नाही. २००६ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्या सरकारने कार्टेलविरुद्ध लष्कर उतरवलं, त्यानंतर खून खूप वाढले, २०१८ पासून तर कितीतरी वर्षं दरवर्षी ३० हजारांच्या वर, आणि बेपत्ता माणसांची सरकारी नोंद २०२२ मध्येच १ लाखाच्या पुढे गेली. मग त्या जे बोलल्या ते मला अजून डोक्यातून जात नाहीये. "तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा तुमची बॅग कोणी उघडली का? नाही ना? बंदुका अशाच येतात." अख्ख्या मेक्सिकोत बंदुकीची कायदेशीर दुकानं दोनच आहेत, दोन्ही लष्कराची. आणि २०१४ ते २०१८ मध्ये तिकडे पकडलेल्या ज्या बंदुकांचा माग काढला त्यातल्या ७० टक्के अमेरिकेतून आलेल्या, हे अमेरिकेच्याच सरकारी हिशेब तपासणाऱ्या ऑफिसने छापलंय. मी ॲरिझोनात राहते, बंदुकीचं दुकान आमच्या वाण्याच्या दुकानापेक्षा जवळ आहे, आणि हे मी कधी असं जोडून बघितलंच नव्हतं.

आता परतीची लाईन. जानेवारीतला शुक्रवार, दुपारी दोन, लाईन फार्मसीच्या कोपऱ्यावरून वळलेली, एक तास पन्नास मिनिटं लागली. सावली अर्ध्या वाटेपर्यंतच आहे, बसायला काही नाही, बाबांना मी घडीचं स्टूल घेऊन गेले होते म्हणून निभावलं. पुढे एक आजोबा होते, नॉर्थ डकोटाचे, हातात औषधांची पिशवी, आणि आमच्या मागे युमाचीच एक बाई, पन्नाशीची, लेट्यूसच्या पॅकिंगमध्ये काम करणारी (हिवाळ्यात अमेरिकेतली बहुतेक सगळी पालेभाजी युमाच्या शेतांतून जाते). आजोबांनीच विषय काढला की बॉर्डरवरची भिंत अजून उंच पाहिजे, सैन्य पाहिजे. बाई म्हणाली माझी आई अशीच विनाकागदाची आली होती, १९८६ च्या सरकारी माफीत तिला कागद मिळाले, आयुष्यभर वाकून भाजी तोडली, ती काय गुन्हेगार होती का? आवाज चढले. मग आजोबा एकदम खाली बघून म्हणाले की माझा नातू २०२१ मध्ये गेला, एक गोळी, मित्राने दिलेली, त्यात फेंटानिल नावाचं जीवघेणं ड्रग होतं, १९ वर्षांचा होता. पुढे कितीतरी वेळ कोणी बोललं नाही. त्या बाईने त्यांच्या दंडावर हात ठेवला.

बाबांना सगळं मराठीत सांगावं लागत होतं. नातवाचं कळल्यावर ते स्टुलावरून उठले आणि आजोबांना बसवलं. मग मला विचारलं, हे फेंटानिल येतं कुठून? मी जे वाचलंय ते सांगितलं की त्यातलं बहुतेक भिंतीवरून किंवा वाळवंटातून येत नाही, कायदेशीर नाक्यांवरूनच येतं, गाड्यांत, ट्रकमध्ये, आणि त्यात शिक्षा झालेल्यांत ८० टक्क्यांहून जास्त अमेरिकन नागरिक असतात. २०१९ च्या जानेवारीत इथेच ॲरिझोनात नोगालेसच्या नाक्यावर काकड्यांच्या ट्रकच्या तळाखालून ११५ किलो फेंटानिल काढलं होतं. बाबा रायगड पोलिसात हवालदार होते. ते म्हणाले, "मग आमच्यासारखंच की. ९३ ला दिघी-शेखाडीला हत्यारं आणि आरडीएक्स उतरलं ते काय किनाऱ्याला भिंत नव्हती म्हणून? कस्टमचे आणि आमच्या खात्यातले लोक फितले म्हणून. नंतर कोर्टात शिक्षा झाल्या, पण मुंबईच्या स्फोटांत २५७ माणसं गेली ती गेलीच." हे बोलताना त्यांचा चेहरा मी बघितला, ३० वर्षांनीही त्यांना त्याची लाज वाटते, स्वतः काही केलं नसताना. इथेही नाक्यावरच्या ऑफिसरनी पैसे घेऊन गाड्या सोडल्याच्या केसेस झाल्यात, सान डिएगोकडे शिक्षाही झालीय.

मी आजोबांना हे सगळं सांगितलं नाही. नातू गेलेल्या माणसाला लाईनमध्ये आकडे ऐकवायचे नसतात. पण इथे लिहिते, कारण बॉर्डरवरचा हा वाद मी रोज ऐकते आणि दोन्ही बाजू एकाच वस्तूबद्दल बोलत नाहीत. विनाकागदाचे येणारे लोक भिंतीच्या कडेकडेने, वाळवंटातून येतात आणि तिथे मरतात. विष मात्र दारातून गाडीत बसून येतं. दोन्हीला एकच औषध चालणार नाही.

आणि हो, बेकायदा येणाऱ्यांबद्दल मला राग येतो, तो मी लपवणार नाही. माझी ग्रीन कार्डची फाईल २०१५ ची आहे, अजून नंबर नाही, नोकरी गेली तर ६० दिवसांत सगळं आवरायचं, आणि कोणी एजंटला लाखो रुपये मोजून डंकी रूटने, म्हणजे चोरवाटेने येतो. २०२३ च्या आर्थिक वर्षात ९६,९१७ भारतीय अमेरिकेच्या सीमांवर सापडले. त्याआधी २०२२ ला तर याच युमाच्या पट्ट्यात, मोरेलोस धरणाजवळच्या भिंतीच्या फटीतून रोज शेकडो लोक आत येत होते आणि त्यात आपलेही होते. पण २०१९ च्या जूनमध्ये इथूनच पूर्वेला ल्यूकव्हिलजवळच्या वाळवंटात भारतातली सहा वर्षांची मुलगी उन्हाने गेली, आई पाणी शोधायला गेली होती तेवढ्यात. ४२ डिग्री होतं. माझी मुलगी सहाची आहे. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत लष्करी विमानाने विनाकागदाच्या १०४ भारतीयांना हातापायांत बेड्या घालून अमृतसरला नेऊन सोडलं त्यात तिघं महाराष्ट्रातले होते, तेव्हा बाबांनी फोन करून विचारलं होतं, "तुझे कागद नीट आहेत ना गं?" राग त्या एजंटांवर काढायला पाहिजे जे गावात मोकळे फिरतात, आणि सरकारने कायदेशीर लाईन हलती ठेवायला पाहिजे, नाहीतर लोक वाळवंटच शोधणार. २०२५ मध्ये कडक केल्यावर इथून येणारे खूपच कमी झाले हे खरं आहे आणि ते चांगलंही आहे, पण त्याने नाक्यावरची काकड्यांची गाडी तपासली जात नाही. तिथे एक्सरे मशीनं वाढवा, कुत्री वाढवा, ऑफिसर वाढवा, त्या ऑफिसरांवर नजर ठेवा, आणि देवाशप्पथ, आमची दक्षिणेकडे जाणारी शबनम पण एकदा उघडून बघा.

शेवटी खिडकीवर ऑफिसरने फोटो घेतला, बाबांना विचारलं काय आणलं, बाबांनी तोंड उघडून दाढ दाखवली, तो हसला आणि शिक्का मारला. सभ्य माणूस होता.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. दवाखान्याला मी ५ पैकी ४.५ देईन, अर्धा कापला कारण वेळ दहाची दिली आणि अकराला आत घेतलं. नाका रात्री १० ला बंद होतो, आणि तिकडचं घड्याळ कॅलिफोर्नियाचं, हिवाळ्यात ॲरिझोनापेक्षा एक तास मागे, अपॉइंटमेंट घेताना विचारून घ्या. नोकरीच्या एच-१बी व्हिसावाल्यांनी आय-९४ (प्रवेशाची नोंद), आय-७९७ (व्हिसा मंजुरीचं पत्र) सगळं सोबत ठेवा, कारण परत येताना हायवेवरही बॉर्डर पेट्रोलचं चेकपोस्ट लागतं. आणि औषधांचं कळकळीने सांगते, दुखण्याच्या किंवा झोपेच्या सुट्या गोळ्या तिकडच्या फार्मसीतून घेऊ नका, २०२३ मध्ये उत्तर मेक्सिकोतल्या काही टुरिस्ट गावांत दुकानातून घेतलेल्या गोळ्यांत फेंटानिल सापडलंय, आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी घेतली आणि अँटिबायोटिक इकडे येऊन घेतलं.

बाबांची सूज चौथ्या दिवशी उतरली, आता भाकरी त्याच बाजूने चावतात. मार्चमध्ये वरच्या दाढेसाठी परत जायचंय, या वेळी मंगळवारी सकाळी, लाईन कमी असते म्हणतात. बाबांनी आत्ताच सांगून ठेवलंय, स्टुलं दोन घे, ते आजोबा भेटले तर त्यांना बसायला.