अंबाझरी तलाव की सीताबर्डीचा किल्ला?

दहा-बारा वर्षांच्या पोट्ट्यांसाठी विज्ञान-भयकथा लिहायची, तर परग्रहावरचं ते ‘काहीतरी’ नागपुरात उतरवायचं कुठं?

किल्ला आधी मोहात पाडतो. 1817 ची लढाई, लष्कराचा ताबा, लोकांना प्रवेश 26 जानेवारी, 15 ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी. ‘संध्याकाळी दार बंद झालं आणि एक पोरगं आतच राहिलं’, झाली सुरुवात! पण पहारेकरी आले की मोठी माणसं आली, अन् साहस मुलांच्या हातून गेलं.

अंबाझरीच्या काठावर मात्र सायकली टाकून पोरं एकटी हिंडू शकतात. विज्ञानही आयतं मिळतं. जलपर्णी दाट पसरली की खाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात. आता हीच जलपर्णी रात्री काठावर सरकू लागली तर? तलाव ओसंडला की पाणी नाग नदीतून थेट शहरात, म्हणजे संकट घरामागच्या नाल्यापर्यंत. (सप्टेंबर 2023 चा पूर इथल्या मुलांनी पाहिलाय, तो धागा जपूनच वापरावा.) रक्तबिक्त नकोच. फरशीवर ओला, हिरवट माग उमटला तरी पुरे.

मी अंबाझरी घेतली. किल्ला दुसऱ्या भागासाठी राखून ठेवलाय.