ठाण्यातलं नाण्यांचं ऑक्शन: लिलावाआधीचे दोन दिवस चुकवू नका

नौपाड्यातल्या हॉलमध्ये वर्षातून दोनदा जुन्या नाण्यांचं ऑक्शन होतं त्याबद्दल लिहितोय. मी तीनदा जाऊन आलोय, पहिल्या दोन वेळा नुसता मागच्या खुर्चीवर बसून बघितलं आणि या वेळी नाव नोंदवून पॅडल (बोली लावताना वर करायची नंबरची पाटी) घेतलं, एक शिवराई, म्हणजे मराठ्यांचं जुनं तांब्याचं नाणं, घेऊन घरी आलो. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढे काही तक्रारी पण आहेत, ज्यांना या छंदाची आवड आहे त्यांना हॉल बरोबर कळेल.

आधी सांगतो की मी कोणी अभ्यासक नाही. रबाळे एमआयडीसीत टूलरूमला आहे, बावीस वर्षं डाय आणि पंच (धातूवर ठोकून आकार किंवा ठसा उठवायची पोलादी हत्यारं) बनवतोय, त्यामुळे नाणं हातात आलं की राजा कोण हे मागाहून, आधी डोळा जातो तो हे डायखाली ठोकलंय की साच्यात ओतलंय इकडे. या सवयीचा इथे फार उपयोग झाला.

लिलाव रविवारी असतो पण शुक्रवार-शनिवार व्ह्यूइंग असतं, म्हणजे कॅटलॉगमधला कुठलाही लॉट (एका नंबरखाली विकायला ठेवलेलं नाणं किंवा नाणी) मागून हातात घेऊन बघायचा. या ऑक्शनला मी चांगलं म्हणतोय ते ह्या दोन दिवसांसाठी. शनिवारी हाफ डे घेऊन ऐरोलीहून गाडी पकडली, मधे दिघा गाव की लगेच ठाणं, अकराला हॉलमध्ये होतो. लांब टेबलं, त्यावर जाड फेल्ट अंथरलेलं, प्रत्येक खुर्चीसमोर दिवा, दहा पटीची लेन्स आणि छोटा डिजिटल काटा. ट्रे आणून देणारी मुलं शांतपणे सांगतात, "काका, कडेनं धरा, बोट फेसवर नको," आणि मग तुम्हाला निवांत बसू देतात. मी एका नाण्यावर वीस मिनिटं घालवली, कोणी घाई केली नाही. दुकानात काउंटरच्या काचेखालचं नाणं काढून दाखवायला पण लोक कंटाळतात, हा फरक मोठा आहे.

तिथेच या वेळी एक गोष्ट घडली जी सगळ्यांना सांगायची होती. कॅटलॉगमध्ये सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९३९चा रुपया फार कमी सापडतो, आणि १९३८चा मात्र भरपूर आहे. दोन्ही तोळ्याचेच, ११.६६ ग्रॅम, दोन्हीत ९१.७ टक्के चांदी (१९४० पासून ती ५० टक्क्यांवर आणली), डिझाईन तेच, फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. त्यामुळे फसवणारे काय करतात, अस्सल १९३८चा रुपया घेतात आणि आठाचा खालचा डावा भाग खरवडून नऊ करतात. वजन बरोबर, चांदी बरोबर, आवाज पण बरोबर, काट्यावर काहीच कळत नाही.

मी लेन्स लावली तर पहिल्यांदा सगळं ठीक वाटलं. मग दिव्याखाली नाणं हळूहळू फिरवलं. ठोकलेल्या नाण्यावर धातू मधून कडेकडे वाहतो ना, त्यामुळे प्रकाश एका लयीत फिरत जातो, बाकी सगळीकडे तो तसा फिरत होता आणि नऊच्या पोटाखाली एका जागी अडकत होता. तिळाएवढीसुद्धा जागा नसेल. परत बघितलं तर तिथली पातळी आजूबाजूपेक्षा किंचित खाली, आणि दोन बारीक समांतर रेघा, स्क्रेपर ओढला की उमटतात तशा. असल्या रेघा मी रोज बघतो.

ट्रेवाल्या मुलाला म्हटलं, "दादा, हा नऊ जरा बघता का." तो म्हणाला, "थांबा हां, सरांना बोलावतो." कॅटलॉग करणारे सर आले, साठीच्या पुढचे, त्यांनी स्वतःची लेन्स काढली, आतून एक १९३८चा रुपया मागवला, दोन्ही शेजारी ठेवून पाच-सात मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही काय करता?" मी सांगितलं टूलरूम. "मग बरोबर. हा लॉट आपण काढतोय." आणि रविवारी सुरुवातीलाच माईकवरून सगळ्यांसमोर सांगितलं की एवढ्या नंबरचा लॉट तारखेबद्दल शंका असल्यामुळे मागे घेतलाय. त्या एका नाण्यावर त्यांना केवढं तरी कमिशन मिळालं असतं. चूक त्यांचीच होती, कॅटलॉग छापायच्या आधीच पकडायला हवी होती, पण कळल्यावर झाकली नाही ह्याला मी पूर्ण मार्क देतो. हा प्रकार व्ह्यूइंगला नाणं हातात मिळालं म्हणून कळला, फोटोत जन्मात कळला नसता.

आता माझी शिवराई. शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, एका बाजूला तीन ओळींत श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्र पति, भोवती ठिपक्यांची कडा. ही नाणी महाराजांनंतर सातारच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही पडत राहिली, इंग्रज आल्यावर सुद्धा बाजारात कितीतरी वर्षं चालत होती, म्हणून शिवराई म्हटली की ती महाराजांच्याच काळातली असं समजू नका, बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नंतरच्या असतात. दुदांडी म्हणजे मागे दोन आडव्या रेघांची पट्टी असलेली, ती पण नंतरचीच. अक्षरं पण वेगवेगळी, कुठे शिव कुठे सिव, कुठे पति कुठे पती, डाय कोरणारा जसा असेल तसं. हे मला फार आवडतं, आपल्याच धंद्यातला कोणीतरी माणूस तीनशे वर्षांपूर्वी छिन्नी हातोडी घेऊन बसलाय आणि त्याच्या हाताचं वळण अजून तांब्यावर आहे.

माझ्या लॉटमध्ये श्री अर्धवट, राजा पूर्ण, शिवचा व कडेबाहेर गेलेला. नवीन लोकांना हे डॅमेज वाटतं पण तसं नाही, डाय मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर सहसा बसतच नाही. उलट अगदी मधोमध, सगळी अक्षरं गुळगुळीत, कडेला चौफेर एक बारीक शिवण दिसतेय असं नाणं समोर आलं तर लगेच खाली ठेवा, ती साच्याची जोडरेघ आहे, ते ओतलेलं आहे. माझ्या नाण्याची कड हातोडीने दबून एका जागी चिरलेली आहे, चीर आतपर्यंत काळी आहे, म्हणजे जुनी. वजन काट्यावर १०.८ ग्रॅम भरलं. हिरवा रंग नखाने खरवडून गेला नाही. माझ्या शेजारच्या लॉटमधल्या तीन शिवराया मात्र कोणीतरी चिंचेने घासून लख्ख गुलाबी केलेल्या, बघून वाईट वाटलं. घरी आजोबांची जुनी नाणी असतील तर कृपया पितांबरी लावू नका, देवाची भांडी वेगळी आणि ही वेगळी. शेकडो वर्षांत चढलेला रंगाचा थर, म्हणजे पॅटिना, आपल्याला पुन्हा बसवता येत नाही.

व्ह्यूइंगचा अजून एक फायदा म्हणजे शेजारी बसलेली माणसं. माझ्या बाजूला डोंबिवलीचे एक काका गधैया नाणी बघत होते. जाड, छोटी चांदीची नाणी, वर नुसते ठिपके आणि रेघा, मला आधी काहीच कळेना. काकांनी नाणं आडवं करून दाखवलं, "हे बघ, हा चेहरा." म्हणजे मूळ इराणच्या सासानी राजांचं नाणं, एका बाजूला राजाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला अग्नीची वेदी, दोन्हीकडे दोन सेवक. हूणांबरोबर ते इकडे आलं, मग आपल्याकडे त्याची नक्कल, नकलेची नक्कल असं चारपाचशे वर्षं चाललं आणि कोरणाऱ्याला मूळ चेहरा माहीतच नाही, त्यामुळे डोळ्याचा ठिपका झाला, नाकाची रेघ झाली, वेदीचा खांब झाला. काकांनी पाच नाणी जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीत लावली तेव्हा तो चेहरा माझ्या समोर विरत गेलेला दिसला. ठाणं म्हणजे शिलाहारांचं श्रीस्थानक, अंबरनाथचं १०६० सालचं देऊळ त्यांचंच, आणि त्यांच्या राज्यात गधैया चालत होती. ज्या गावात बसून आपण हे नाणं बघतोय तिथल्या बाजारात हजार वर्षांपूर्वी असलंच नाणं कोणीतरी मोजून दिलं असेल, हे मनातून जातच नाही. तो लॉट मला पण हवा होता, पण रविवारी माझ्या बजेटच्या दुप्पट गेला. काकांना मिळाला ह्याचा आनंद आहे.

लिलावाच्या दिवसाबद्दल थोडक्यात. सुरू वेळेवर झाला, पण वेग खूप. एका लॉटला अर्धा मिनिट पण मिळत नाही, त्यात ऑनलाइन बिड उशिरा येतात, हातोडा पडल्यावर "एक मिनिट, नेटवर बिड आहे" असं चार वेळा झालं आणि दोनदा हॉलमधल्या माणसाचा लॉट परत उघडला. हे बरोबर नाही. एकदा पडला की पडला. हॉलमधले लोक चिडले आणि त्यांचं चुकलं नाही.

पैशाचं नीट समजून घ्या. माझी शिवराई २६०० ला पडली. त्यावर बायर्स प्रीमियम (ऑक्शनवाले घेणाऱ्याकडून घेतात ते कमिशन) १५ टक्के म्हणजे ३९०, झाले २९९०, प्लस जीएसटी. हे कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे, पॅडल देताना कोणी तोंडी सांगत नाही. माझ्या मागच्या मुलाने आपली सगळी बचत हातोड्याच्या किमतीला लावली आणि बिल बघून त्याचा चेहरा उतरला, शेवटी मित्राकडून जीपे मागवले. कॉलेजचा पोरगा होता. टेबलावर एक मोठा बोर्ड लावायला काय हरकत आहे? तुम्ही जाल तेव्हा आपली लिमिट प्रीमियम आणि टॅक्स धरूनच कागदावर लिहून न्या.

कागदपत्रांच्या बाबतीत चोख आहेत, आधार-पॅन घेतात, शंभर वर्षांवरचं नाणं १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येतं आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही हे बिलावरच छापलेलं आहे. ज्यांची मुलं दुबई-अमेरिकेला आहेत त्यांनी हे वाचा, भेट म्हणून सुद्धा बॅगेत टाकून पाठवू नका. आणि शेत नांगरताना, पाया खणताना नाणी सापडली तर ती विकायला इथे आणायची नसतात, १८७८चा निखात निधीचा कायदा आहे, कलेक्टरला कळवावं लागतं.

आता सगळ्यात मोठी तक्रार, डिलिव्हरी. बिल भरलं तरी नाणं त्याच दिवशी देत नाहीत, कुरियरने येतं. मला अकराव्या दिवशी आलं, मधे तीन फोन केले, प्रत्येक वेळी "आज निघतंय सर". ते पण सहन केलं असतं, पण नाणं आलं ते मऊ पीव्हीसीच्या पाकिटात. ज्यांनी फेल्टवर ठेवून, कडेने धरायला लावून दाखवलं त्यांनीच असं पाठवावं? मऊ पीव्हीसीतून काही महिन्यांनी चिकट द्रव सुटतो आणि तांब्याला हिरवं चिकट लागतं, ते जुन्या पॅटिनासारखं नाही, ते नाणं खातं. मी आलं त्या संध्याकाळीच काढून मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या पॉलिएस्टर फिल्मच्या) होल्डरमध्ये घातलं. मायलरचा होल्डर काही महाग नसतो, हजारो रुपयांच्या नाण्याला तेवढं करा एवढंच म्हणणं आहे. तुमच्याकडे कोणाचं असं पाकीट आलं असेल तर आजच बदला.

ज्यांना व्हॉट्सअॅपवर "ट्रॅक्टरची पाचची नोट द्या, लाख रुपये घ्या" असले मेसेज येतात त्यांच्यासाठी पण, आधी टॅक्स भरा, आधी रजिस्ट्रेशन फी भरा म्हणणारा प्रत्येक जण फसवतोय, रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्वतः सांगितलंय की आमच्या नावाने असली फी घेतली जातेय, आमचा संबंध नाही. तसंच राम दरबार नाहीतर हनुमान कोरलेलं १८१८चं कंपनीचं नाणं कोणी दाखवलं तर ते अलीकडे बनवलेलं आहे, देव्हाऱ्यात ठेवा पण पैसे देऊ नका. माझ्या सासूबाईंनी असलं एक चार हजाराला घेतलं होतं, ते लोहचुंबकाला चिकटलं.

पुढच्या वेळी मी परत जाणार आहे, शनिवारी सकाळीच, स्वतःची लेन्स घेऊन. सरांना मेल केलाय की तांब्याच्या लॉटचं वजन कॅटलॉगमध्ये छापा आणि कडेचा एक फोटो द्या, चांदीचं छापता मग तांब्याचं का नाही. पाकिटाचं पण लिहिलंय. त्यांचं उत्तर आलं, "वजनाचं पुढच्या कॅटलॉगपासून नक्की." पाकिटाबद्दल अजून काही बोलले नाहीत.