व्हिडिओ मिक्सिंगमध्ये घेतच नाही? हँडब्रेक आणि मीडियाइन्फोचा माझा अनुभव

मी सोलापुरात लग्नाच्या, बारशाच्या, यात्रेच्या शूटिंगचं मिक्सिंग करतो. घरातच एक खोली आहे, दोन कॉम्प्युटर आहेत, सीझनला रात्री दोन-दोन वाजतात. बरीच वर्षं हँडब्रेक (व्हिडिओ एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात बदलणारं सॉफ्टवेअर) वापरतोय आणि जोडीला मीडियाइन्फो (फाईलच्या आत काय आहे ते दाखवणारं), दोन्ही फुकट. या दोघांनी माझी इतकी कामं वाचवलीत की एकदा सविस्तर लिहायचंच होतं.

यंदाच्या गड्ड्यातलंच, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतलंच सांगतो. अक्षता सोहळा होऊन चार दिवस झाले असतील, एक मावशी पेनड्राईव्ह घेऊन आल्या. त्यांचा मुलगा पहिल्यांदाच नंदीध्वज (यात्रेतली मानाची उंच काठी) धरला होता, महिनाभर सराव केलेला, आणि तो नेमका क्षण भाच्याने आयफोनवर घेतलेला. आधी एका ठिकाणी दिलं तर तिथं म्हणाले फाईल खराब आहे, काही होणार नाही. माझ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकली तर आवाज येतोय, हलग्या ऐकू येतायत, पण चित्र काळंकुट्ट. मावशी म्हणाल्या, "दादा, मोबाईलवर तर चांगलं चालतंय की ओ, मग इथं काय झालं?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो. व्हीएलसी प्लेअरमध्ये चालतंय, मग मिक्सिंगमध्ये का नाही? कारण असं की एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही हे नुसते डबे आहेत. डब्यावरचं नाव बघून आत भाजी कुठली ते कळत नाही. आत चित्र एच.२६४ मध्ये असेल, एच.२६५ मध्ये असेल, व्हीपी९ किंवा एव्ही१ पण असेल. चित्र दाबून साठवायच्या या पद्धतींना कोडेक म्हणतात. व्हीएलसी स्वतःचे डिकोडर सोबत घेऊन येतंय म्हणून ते जवळपास सगळं चालवतंय, पण एडिटिंग सॉफ्टवेअरला तो कोडेक माहीत नसला, किंवा विंडोजमध्ये त्याचं एक्स्टेन्शन टाकलेलं नसलं, तर ते हात वर करतंय. फाईल खराब नसतेच मुळात! हे एक वाक्य जरी लोकांना कळलं तरी कितीतरी क्लिप डिलीट व्हायच्या वाचतील.

म्हणून पहिलं काम मीडियाइन्फो. फाईल त्याच्यावर ओढून टाकायची, व्ह्यू मध्ये जाऊन ट्री करायचं आणि तीन ओळी वाचायच्या: फॉरमॅट, बिट डेप्थ आणि फ्रेम रेट मोड. मावशींच्या क्लिपमध्ये फॉरमॅटसमोर एचईव्हीसी लिहिलेलं, म्हणजेच एच.२६५, आणि फ्रेम रेट मोडसमोर व्हेरिएबल, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हा आकडा एकसारखा नाही, कमी-जास्त होतोय. संपलं, रोग कळला. आयफोनमध्ये २०१७ च्या आयओएस ११ पासून हा फॉरमॅट आलाय आणि नव्या फोनमध्ये तोच आपोआप चालू असतोय. सेटिंग्ज, मग कॅमेरा, मग फॉरमॅट्समध्ये जाऊन मोस्ट कम्पॅटिबल केलं की पुढचे व्हिडिओ एच.२६४ मध्ये येतात. कार्याच्या आदल्या दिवशीच पाहुण्यांना हे करायला सांगा, नंतरचा ताप वाचतो.

आता हँडब्रेक. अननसाचं चित्र असतंय त्याचं, उघडायचं, फाईल टाकायची. इथं नवीन लोक एक चूक हमखास करतात, ती म्हणजे समोर जे सेटिंग दिसतंय, फास्ट १०८०पी३०, त्यावरच सरळ स्टार्ट दाबतात. त्याने फोरके चं १०८० होतं, ५० फ्रेमचं शूटिंग ३० वर येतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यात फ्रेमरेट पीक वर असतोय, म्हणजे व्हेरिएबलचा घोळ तसाच राहतो. फाईल उघडते म्हणून माणूस खुश होतो आणि तिसऱ्या मिनिटाला मंगलाष्टकं म्हणणाऱ्या गुरुजींचे ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. मोबाईल कमी उजेडात फ्रेम कमी-जास्त करतो, त्यामुळे हे होतंय, आणि आपल्याकडं लग्नाचे हॉल कसे असतात ते सांगायला नको.

त्यापेक्षा प्रीसेटमध्ये (तयार सेटिंगच्या यादीत) प्रोफेशनल म्हणून विभाग आहे, त्यात प्रॉडक्शन स्टँडर्ड निवडा. ते एडिटिंगसाठीच बनवलंय, फ्रेमरेट कॉन्स्टंट, म्हणजे एकसारखा ठेवतंय आणि क्वालिटी भरपूर देतंय. हाताने करायचं असेल तर व्हिडिओ टॅबमध्ये एच.२६४, फ्रेमरेटला कॅमेऱ्याचा जो असेल तो आकडा, खाली कॉन्स्टंट फ्रेमरेट, आणि आरएफचा, म्हणजे क्वालिटीचा काटा १८ च्या आसपास. आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी, हे उलटं आहे ते लक्षात ठेवा. फाईल मूळच्या दुप्पट-तिप्पट सुद्धा होते, घाबरू नका, मिक्सिंग झालं की काढून टाकायची असते ती. माझ्याकडं सगळ्या पाहुण्यांच्या क्लिप जमल्या की अ‍ॅड टू क्यू करून रात्री लावून झोपतो, सकाळी एकसारख्या फाईल तयार, टाइमलाइनवर पण मग कॉम्प्युटर अडखळत नाही.

हँडब्रेक व्हिडिओ नेहमी नव्यानेच एन्कोड करतो, आहे तसा उचलून दुसऱ्या डब्यात ठेवत नाही. त्यामुळे चित्र थोडंसं तरी घासतंच, आणि मोठ्या फाईलला वेळ लागतोय. नुसता डबा बदलायचा असेल, उदाहरणार्थ ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड केलेली एमकेव्ही असेल, तर हँडब्रेकची गरज नाही. ओबीएसच्याच फाईल मेनूमध्ये रीमक्स रेकॉर्डिंग्ज आहे, काही सेकंदात एमपी४ हातात.

आणि एक दुखणं असं आहे की त्यावर हँडब्रेक काहीच करू शकत नाही. शूटिंग चालू असताना बॅटरी संपली, किंवा कुणी घाईत कार्ड ओढलं, तर एमपी४ चा इंडेक्स लिहायचा राहून जातो. त्याला मूव्ह अ‍ॅटम म्हणतात, कुठली फ्रेम कुठं आहे त्याची यादी, आणि बहुतेक कॅमेरे ती रेकॉर्ड बंद करताना शेवटी लिहितात. यादीच नाही म्हटल्यावर व्हीएलसी पण चालवत नाही. मागच्या वर्षी एका हळदीची अशी ११ जीबीची फाईल माझ्याकडं आली, शूटिंगवाला मुलगा रडकुंडीला आलेला. त्यावर अनट्रंक म्हणून फुकटचं टूल आहे. त्याच कॅमेऱ्यातून त्याच सेटिंगवर घेतलेली एक चांगली फाईल त्याला नमुना म्हणून द्यायची, ते त्यावरून यादी परत बांधायचा प्रयत्न करतंय. आमची हळद जवळजवळ सगळी निघाली, शेवटचं थोडं गेलं. पण निघाली ती का, तर त्या पोराने कार्ड फॉरमॅट केलं नव्हतं म्हणून. दुसरा एक जण आला होता, "एरर आला म्हणून सगळं डिलीट करून टाकलो" म्हणाला, त्याच कार्डावर परत दोन ऑर्डरी शूट केलेल्या. तिथं मी काय करणार? हात जोडून सांगतो, फाईल उघडली नाही तर कार्ड काढून बाजूला ठेवा, त्यावर एक फोटो सुद्धा काढू नका.

व्हॉट्सअ‍ॅपचं पण बोलतो. व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते दाबून बारीक करतंय, मिक्सिंगमध्ये उघडतं पण चेहरे पुसल्यासारखे दिसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं, आहे तसं पोचतं.

डाउनलोड फक्त हँडब्रेक डॉट एफआर वरूनच करा, गुगलवर सारख्या नावाच्या बऱ्याच साइट दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. माझ्याकडून हँडब्रेकला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो त्या सुरुवातीच्या सेटिंगसाठी, नवशिक्या माणूस त्यात फसतोच. मीडियाइन्फोला पाच.

मावशींची क्लिप दोन मिनिटं चाळीस सेकंदांची होती, माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर पाचेक मिनिटांत झाली. स्क्रीनवर पोरगं दिसलं, पांढरी बाराबंदी, कपाळाला भस्म, दोन्ही हातांनी काठी पेललेली, आणि मागे गर्दीत मावशी स्वतः पदर तोंडाला लावून उभ्या. "अगंबाई, मी पण हाय की यात," म्हणाल्या, त्यांना माहीतच नव्हतं. पेनड्राईव्हमध्ये मी नवीन फाईल दिली आणि मूळची पण तशीच ठेवली.