कोणत्या ख्रिस्ती मंडळीत सामील व्हावं? सभासद झाल्यानंतरच्या काही महिन्यांचा अनुभव

निकाल आधीच सांगते, म्हणजे तेवढाच हवा असलेल्यांना पुढे वाचत बसायला नको. बरंच वाचन केल्यावर आणि निरनिराळ्या मंडळ्यांच्या उपासनांना जाऊन आल्यावर मी एका ल्यूथरन मंडळीची, म्हणजे 16 व्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्या शिकवणीवर चालणाऱ्या मंडळीची, सभासद झाले. त्याला आता बरेच महिने झालेत. निर्णय योग्य वाटतो. पण इथे मी मंडळीपेक्षा निर्णयाच्या पद्धतीबद्दल जास्त लिहिणार आहे. याच पद्धतीने जाऊन तुम्ही दुसऱ्या ठिकाणी पोचाल, आणि तेही प्रामाणिकच असेल.

पद्धत अशी: प्रत्येक मंडळी स्वतःविषयी काय दावा करते ते आधी समजून घ्यायचं आणि तो दावा आपल्याला खरा वाटतो का, हे ठरवायचं. गायन, प्रवचन, माणसांचा जिव्हाळा, घरापासूनचं अंतर हे सगळं त्यानंतर. बहुतेक जण नेमका उलटा क्रम लावतात. चार-पाच ठिकाणी जातात, जिथे मन रमतं तिथे राहतात, आणि ती मंडळी काय मानते हे पुढे केव्हातरी कळतं, बहुधा मुलाचा बाप्तिस्मा किंवा लग्न ठरवायची वेळ आली की.

दावे एकाच जातीचे नाहीत, हे कळलं तेव्हा माझा खरा विचार सुरू झाला. कॅथलिक मंडळी म्हणते की ख्रिस्ताने स्थापलेली मंडळी तिच्यात टिकून आहे आणि पोप हे पेत्राचे वारस आहेत. ऑर्थोडॉक्स मंडळ्या म्हणतात की प्रेषितांचा विश्वास आणि बिशपांची अखंड परंपरा आम्ही जशीच्या तशी राखली. 1530 च्या ऑग्सबर्ग विश्वासांगीकाराच्या (म्हणजे ल्यूथरन मंडळ्या काय मानतात ते सांगणाऱ्या निवेदनाच्या) सातव्या कलमात ल्यूथरन भूमिका सापडते: जिथे शुभवर्तमान शुद्धपणे शिकवलं जातं आणि संस्कार योग्य रीतीने दिले जातात तो पवित्र जनांचा मेळा म्हणजे मंडळी. बॅप्टिस्ट परंपरेत मंडळी म्हणजे विश्वास कबूल करून बाप्तिस्मा घेतलेल्यांची स्थानिक मंडळी. आता पाहा, पहिल्या दोन दाव्यांपैकी एक जरी खरा असेल, तर ‘मला तिथलं वातावरण भावलं नाही’ या कारणाला काही वजन राहत नाही. म्हणून तो प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. पटलं नाही तरी चालेल, पण का पटलं नाही ते स्वतःला सांगता आलं पाहिजे.

सगळ्यांत खालचा पाया एकच आहे, आणि तो तपासायला फार वेळ लागत नाही: 325 मध्ये निकेया इथे मांडला गेलेला आणि 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेशी जोडला जाणारा विश्वासांगीकार. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. पुत्र निर्माण केलेला नव्हे, पित्याशी एकतत्त्व. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या इथे एकत्र उभ्या आहेत. यहोवाचे साक्षीदार त्रैक्य मानत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी चर्चा कितीही सौजन्याची झाली तरी माझ्यासाठी तो विषय इथेच संपला.

मला सगळ्यांत जास्त गुंतवून ठेवलं ते बाप्तिस्म्याने. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला. एका स्वतंत्र मंडळीत मी काही काळ जात होते. तिथली माणसं देवावर जीव टाकणारी, शास्त्राचा अभ्यासही उत्तम. पण सभासद व्हायचं तर पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल असं सांगितलं गेलं. त्यांच्या बाजूने पाहिलं तर ‘पुन्हा’ हा शब्दच चुकीचा, कारण तान्हेपणी झाला तो त्यांच्या लेखी बाप्तिस्माच नव्हे. ही भूमिका थिल्लर नाही. 1525 मध्ये झ्युरिकमध्ये ज्यांनी मोठेपणी बाप्तिस्मा घेतला त्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी तिच्यासाठी जीव दिला आहे. म्हणून मी ती झटकली नाही, बसून विचार केला. प्रश्न असा होता: बाप्तिस्मा हे मुख्यतः माझं देवासमोरचं वचन आहे की देवाने मला दिलेलं वचन? वचन माझं असेल तर तान्ह्या बाळाला ते देता येत नाही, आणि बॅप्टिस्ट बरोबर आहेत. वचन देवाचं असेल तर ते घेणाऱ्याचं वय आड येत नाही. इफिसकरांस पत्रातलं ‘एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा’ आणि निकेयाच्या विश्वासांगीकारातला ‘पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा’ पुनःपुन्हा वाचल्यावर मी दुसऱ्या बाजूला गेले. त्या मंडळीच्या पाळकांना भेटून तसं सांगितलं. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली आणि निरोप दिला. त्यांच्याबद्दल मला आजही आदर आहे.

एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की यादी किती लहान होते, याचं मला नवल वाटलं. बॅप्टिस्ट, आणि विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणाऱ्या बहुतेक पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष कार्यावर भर देणाऱ्या) आणि स्वतंत्र मंडळ्या बाजूला झाल्या. उरल्या कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, ल्यूथरन, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट.

पुढचा प्रश्न प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा. 1529 मध्ये मारबुर्ग इथे ल्यूथर आणि झ्युरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झालं आणि पंधराव्यावर, भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचं शरीर व रक्त खरोखर आहे का या मुद्द्यावर, बोलणी अडली. एवढ्याशा फरकासाठी दोन मंडळ्या व्हाव्यात का, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. दर रविवारी तुम्ही हात पुढे करता तेव्हा त्या हातात काय ठेवलं जातं, हा एवढासा फरक नव्हे. ‘हे माझे शरीर आहे’ हे शब्द आहेत तसेच घ्यावेत असं मला वाटलं. प्रेस्बिटेरियन परंपरा ख्रिस्ताशी आत्मिक सहभागिता मानते आणि तिची मांडणी झ्विंग्लीपेक्षा खूप खोल आहे, तरी माझं मन ल्यूथरच्या बाजूला थांबलं. याच टप्प्यावर एक व्यावहारिक गोष्ट विचारून घ्या: भोजनात कोणाला सहभागी होता येतं? कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत बाहेरच्यांना सामान्यतः ते घेता येत नाही. काही ल्यूथरन मंडळ्यांचीही हीच भूमिका आहे. घरात दोघं दोन मंडळ्यांचे असतील तर ही गोष्ट दर रविवारी समोर येणार आहे.

मग कॅथलिक का नाही? इथे मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला, कारण प्रभुभोजनाबद्दल मी त्यांच्या जवळ होते. अडलं अधिकारापाशी. पोप विशिष्ट अटींखाली शिकवताना चुकू शकत नाहीत, हा सिद्धान्त 1870 च्या पहिल्या व्हॅटिकन सभेने जाहीर केला. तो मान्य न करता कॅथलिक होणं म्हणजे दारातच खोटं बोलणं झालं असतं. ऑर्थोडॉक्स उपासनेने मला सगळ्यांत जास्त हलवलं, हे मनापासून सांगते. संत योहान क्रिसोस्तोमच्या नावाने चालत आलेली ती उपासना ऐकताना आपण बोलावलेले पाहुणे आहोत असं वाटतं. पण मरियेची आणि संतांची मध्यस्थी मागणाऱ्या प्रार्थना तिथे जागोजागी येतात, आणि त्या मी मनापासून म्हणू शकले नसते. नुसते ओठ हलवत उभं राहणं मला मान्य नव्हतं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ज्या वादावरून मंडळी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशी फुटली, तो मनुष्य कृपेने नीतिमान कसा ठरतो हा वाद, आज 16 व्या शतकात होता तिथे नाही. 1999 मध्ये कॅथलिक मंडळी आणि ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी त्यावर संयुक्त घोषणा केली. 2006 मध्ये मेथडिस्ट आणि 2017 मध्ये रिफॉर्म्ड (प्रेस्बिटेरियन ज्यांत येतात त्या) मंडळ्यांची जागतिक संघटनाही तिच्याशी जोडली गेली. म्हणून पाचशे वर्षांपूर्वीच्या टीकेची पुस्तकं वाचून आजच्या शेजारच्या मंडळीबद्दल मत बनवू नका. तिची आजची शिकवण तिच्याच धर्मशिक्षणाच्या पुस्तकातून वाचा. कॅथलिकांचं पुस्तक जाडजूड आहे. ल्यूथरचं लहान धर्मशिक्षण एका बैठकीत वाचून होतं. रिफॉर्म्ड परंपरेतलं 1563 चं हायडेलबर्गचं 129 प्रश्नोत्तरांचं आहे, आणि त्यातला जगण्यामरण्यातल्या एकमेव सांत्वनाबद्दलचा पहिला प्रश्न कुठल्याही मंडळीच्या माणसाने वाचावा असा आहे.

नावाच्या पाटीवर मात्र विसंबू नका. ल्यूथरन म्हटलं तरी काही ठिकाणी स्त्रिया पाळक असतात, काही ठिकाणी ते अजिबात मान्य नाही. अँग्लिकन मंडळ्यांत एकीकडे उदबत्तीचा धूर आणि घंटा, तर दुसरीकडे गिटार. शेवटी तुम्ही ज्या दारातून आत जाता ती विशिष्ट मंडळी पाहावी लागते, आणि तिथे मी एकच गोष्ट फार कडकपणे पाहिली: पाळकांना जाब कोण विचारू शकतं?

योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा माणूस आहे. त्याला अग्रगण्य व्हायची हौस, तो कोणाला स्वीकारत नाही आणि स्वीकारणाऱ्यांना मंडळीबाहेर घालवतो. पहिल्या शतकापासूनचा हा धोका आहे. एका ठिकाणी मी वार्षिक हिशेब सभासदांना दाखवले जातात का असं विचारलं, तर ‘देवाच्या सेवकावर विश्वास ठेवायला शिका’ असं उत्तर आलं. तिथलं प्रवचन मी तोवर ऐकलेल्यांत सर्वांत प्रभावी होतं. मी पुन्हा गेले नाही. बिशप असोत, सिनड (मंडळ्यांच्या प्रतिनिधींची सभा) असो, वडीलजन असोत की सभासदांची सभा असो, प्रत्येक रचनेचे गुणदोष आहेत. पण पाळकाच्या वर किंवा सोबत कोणीतरी असायलाच हवं. मुलांच्या सुरक्षिततेचे लेखी नियम आहेत का, तक्रार कोणाकडे करायची, ती मंडळीबाहेर पोलिसांकडे नेली जाते का, हेही विचारा. विचारल्यावर समोरचा माणूस दुखावला गेला, तर तेच उत्तर समजा.

आता प्रत्यक्ष अनुभव. पहिले काही रविवार सगळं नवं होतं, मग नवलाई ओसरली आणि खरी परीक्षा सुरू झाली. उपासनेचा क्रम तोच, शब्द तेच. सुरुवातीला मला हे कंटाळवाणं होईल अशी भीती होती. झालं उलटंच: घरी एक कठीण आजारपण आलं, स्वतःच्या शब्दांत प्रार्थना सुचेना, तेव्हा हेच पाठ झालेले शब्द तोंडात आले. शास्त्रवाचनाची तीन वर्षांत फिरणारी ठरलेली मांडणी हा दुसरा मोठा लाभ. पाळकांना आपल्या आवडीच्याच उताऱ्यांवर बोलत राहता येत नाही, आणि मलाही नको असलेले उतारे चुकवता येत नाहीत.

तिसरी गोष्ट माझ्या अपेक्षेत नव्हती. पाळकांपाशी एकट्याने पाप कबूल करून क्षमेचे शब्द ऐकण्याची प्रथा ऑग्सबर्गच्या अकराव्या कलमाने राखली आहे. ती फार कमी जण वापरतात, मी वापरली. ‘तुझ्या पापांची क्षमा झाली आहे’ हे दुसऱ्याच्या आवाजात, आपलं नाव घेऊन ऐकणं आणि मनातल्या मनात तसं समजणं यांत केवढं अंतर आहे!

उणिवाही आहेत. मंडळी लहान आहे, तरुण थोडे. प्रवचन कधी कधी पार कोरडं असतं. नव्या माणसाशी बोलायला लोकांना वेळ लागतो. उपासनेनंतर मीच थांबून ओळखी करून घेतल्या. पेंटेकॉस्टल मंडळीतली मोकळी प्रार्थना, आजाऱ्यासाठी सगळ्यांनी मिळून हात उचलणं, याची उणीव मला जाणवते. 1906 मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर पेंटेकॉस्टल चळवळीच्या सुरुवातीच्या काळातल्या विल्यम सेमोर यांच्या सभांना काळेगोरे एकत्र प्रार्थना करत होते, ते त्या काळात किती मंडळ्यांना जमलं? त्या परंपरेकडे नुसता गोंगाट म्हणून बघणाऱ्यांशी मी सहमत नाही. बाप्तिस्म्याच्या प्रश्नाचं तुमचं उत्तर माझ्याहून वेगळं असेल, तर तिथे नक्की जाऊन पाहा.

प्रेषितांची कृत्ये 2:42 मध्ये पहिली मंडळी चार गोष्टींत तत्पर होती असं लिहिलंय: प्रेषितांचं शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणं, प्रार्थना. शंका आली की मी या चारांवर परत येते. आमच्याकडे पहिलं, तिसरं आणि चौथं भक्कम आहे. दुसरं कच्चं आहे, आणि ते सुधारायला आता मीही जबाबदार आहे, म्हणून आम्ही काही जणींनी आठवड्यात एकदा घरोघरी शास्त्रवाचन सुरू केलंय.

जाता जाता कागदपत्रांचं. आधीच्या मंडळीकडून बाप्तिस्म्याचा दाखला आणि, असल्यास, दृढीकरणाचा (बाप्तिस्म्यानंतर विश्वास दृढ करण्याच्या विधीचा) दाखला मागून घ्या. सभासदत्व हस्तांतराचं पत्र देणाऱ्या मंडळ्या आहेत, त्यांच्याकडून तेही घ्या. न सांगता गायब होऊ नका. पाळकांना भेटून कारण सांगा. कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स व्हायचं असेल तर धर्मशिक्षणाला बरेच महिने लागू शकतात. ते महिने अडथळा समजू नका, त्यातच सगळे प्रश्न विचारून घ्या. आणि शोध चालू असताना रविवार रिकामा ठेवू नका, कुठे ना कुठे उपासनेला जात राहा.