आनुवंशिक अपवहन शिकवणारा मण्यांचा संच

इंदूरच्या खजुरी बाजारातून आमच्या मराठी अभ्यासवर्गासाठी घेतलेला हा संच आनुवंशिक अपवहन, म्हणजे केवळ योगायोगाने जनुकप्रकारांचे (एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांचे) प्रमाण पिढ्यांगणिक बदलणे, समजावण्यासाठी अतिशय उपयुक्त ठरला. मण्याचा प्रत्येक रंग म्हणजे एक जनुकप्रकार. पिशवीतल्या निम्म्या लाल आणि निम्म्या पांढऱ्या मण्यांतून न पाहता दहाच मणी उचलायचे आणि त्याच प्रमाणात पुढची पिढी भरायची, असे पुन्हा पुन्हा केले की नैसर्गिक निवडीचा कोणताही दबाव नसतानाही अखेर एक रंग नाहीसा होतो. शंभर मणी उचलले तर मात्र प्रमाण बराच काळ टिकते. मुले थक्क झाली! निवड, अपवहन असे काही घडत नसेल तर जनुकप्रकारांचे प्रमाण पिढ्यानपिढ्या तेच राहते, हे सांगणाऱ्या हार्डी-वाइनबर्ग नियमाचे (१९०८) संचातले पत्रक मात्र फारच त्रोटक आहे. आजाराच्या अप्रभावी (दोन्ही प्रती असल्या तरच परिणाम दिसणाऱ्या) जनुकप्रकाराचे प्रमाण ०.१ असेल तर बाधित १ टक्का, पण वाहक (एकच प्रत असलेले) तब्बल १८ टक्के असतात, हे उदाहरण त्यात हवेच होते.