टक्केवारीची शाब्दिक उदाहरणं: त्रैराशिक, शंभर धरणं, अपूर्णांक की क्ष?

शिष्यवृत्तीच्या एका पेपरात 90 मिनिटांत 75 प्रश्न असतात, पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत तेवढ्याच वेळात 100. म्हणजे एका प्रश्नाला साधारण मिनिटभर. ‘पेटीतले इतके टक्के आंबे खराब निघाले’ छापाचं उदाहरण समोर आल्यावर कोणती रीत वापरू, असा विचार करत बसायला तिथे सवड नसते. रीत घरीच ठरवून जावी लागते. चारही रीतींनी उत्तर बरोबरच येतं, पण प्रत्येक रीत वेगळ्या जागी दगा देते.

240 आंब्यांपैकी 35 टक्के कच्चे, तर कच्चे किती? इथे काहीही चालतं. 10 टक्के म्हणजे 24, तिप्पट 72, वर 5 टक्क्यांचे 12, झाले 84. एवढ्यासाठी कुणी क्ष मानत असेल तर त्याला आधी तोंडी हिशेबाची सवय लावा.

खरी परीक्षा उलट्या उदाहरणात असते. 15 टक्के खराब आंबे काढून टाकल्यावर 204 उरले, तर पेटीत मुळात किती होते? त्रैराशिक घोकलेली मुलं इथे हमखास 204 चे 15 टक्के काढून त्यातच मिळवतात आणि उत्तर येतं 234.6. आंबे आणि दशांश चिन्ह! दोष त्रैराशिकाचा नाही, पण 204 समोर 100 मांडायचे की 85, हे ती रीत सांगत नाही. शंभर धरणाऱ्या मुलाला मात्र ते आपोआप दिसतं: 100 होते, 15 गेले, 85 उरले. 85 च्या जागी 204 आहेत, म्हणजे 2.4 पट, म्हणून मूळ 240. लहान मुलाला एकच रीत शिकवायची असेल तर मी हीच शिकवेन.

ही काही क्लासवाल्यांची युक्ती नाही. भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘लीलावती’त तिला इष्टकर्म म्हटलंय. तिथल्या उदाहरणात कमळांच्या राशीतला तिसरा, पाचवा आणि सहावा भाग शंकर, विष्णू आणि सूर्याला वाहिला, चौथा भाग देवीला, आणि उरलेली 6 कमळं गुरूंच्या चरणी. 60 कमळं धरा: 20, 12, 10 आणि 15 गेली, 3 उरली. प्रत्यक्षात 6 उरलीत, म्हणून राशी 120. इथे शंभर न धरता 60 धरले, कारण 60 ला 3, 4, 5, 6 या सगळ्यांनी भाग जातो.

शंभर धरण्याची अडचणही नेमकी हीच. 12.5 टक्के खराब म्हटलं की शंभरातून 87.5 आंबे उरतात आणि मूल गांगरतं. अशा वेळी अपूर्णांक सरस: 12.5 टक्के म्हणजे 1/8, म्हणून 8 धरा, 7 उरले. ‘20 टक्के खराब, उरलेल्यांतले 25 टक्के वाटले, 144 राहिले’ हेही 4/5 गुणिले 3/4 म्हणजे 3/5, आणि 144 हे 3/5 तर पूर्ण 240, असं एका ओळीत संपतं. भरतीच्या उमेदवारांनी 1/6, 1/8, 3/8 यांचे टक्के पाठच करावेत.

यातून आणखी एक फायदा होतो, तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. वस्तू अर्धवट मोजत नाहीत. 37.5 टक्के आंबे पिकले असतील तर एकूण संख्येला 8 ने भाग गेलाच पाहिजे. पर्याय 180, 210, 240, 250 असे असतील तर प्रश्न पुढे न वाचताच 240 वर खूण करा. रुपयांच्या उदाहरणात मात्र हे चालत नाही, तिथे पैसे निघतात.

राहिला क्ष. 60 आंब्यांतले 90 टक्के पिकलेत. पिकलेले किती काढून घ्यावेत म्हणजे उरलेल्यांत पिकलेले 80 टक्के राहतील? बहुतेकांना वाटतं 6. समीकरण मांडून उत्तर येतं, पण त्याचीही गरज नाही. जो गट बदलत नाही तो धरा. कच्चे 6 आहेत तेवढेच राहणार, आणि आता ते 20 टक्के व्हायचेत. म्हणजे एकूण 30 उरले पाहिजेत, म्हणून 30 काढायचे.

दोन्ही गट बदलत असतील तेव्हा मात्र क्ष ला पर्याय शोधू नका. 40 टक्के पिकलेल्या 60 आंब्यांत 70 टक्के पिकलेल्या पेटीतले क्ष आंबे मिसळून पिकलेले 50 टक्के करायचे असतील, तर 24 + 0.7क्ष = 0.5(60 + क्ष), म्हणून क्ष = 30. शाळेच्या लेखी परीक्षेत, जिथे पायऱ्यांना गुण असतात, तिथे तर हे असं मांडूनच दाखवावं.