सगळं करता येतं, पण करायची परवानगी नाही : 'हार्ड टू बी अ गॉड'

परग्रहावरचे लोक म्हटले की ते आपल्यापेक्षा हजारो वर्षं पुढे गेलेले असणार, हे विज्ञानकथेत जवळजवळ ठरूनच गेलंय. अर्काडी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या रशियन भावांनी १९६४ साली आलेल्या या कादंबरीत ते उलटं केलं. इथे पुढारलेले आपण आहोत. पृथ्वीवर युद्ध उरलेलं नाही, भूक उरलेली नाही. आणि दूरच्या एका ग्रहावर हुबेहूब आपल्यासारखी दिसणारी माणसं अजून सरदार-उमरावांच्या राज्यात, चिखलात आणि मशालींच्या उजेडात जगताहेत.

पृथ्वीवरच्या प्रायोगिक इतिहास संस्थेने आपले काही इतिहासकार वेष पालटून तिथे ठेवलेत. त्यांतला अंतोन हा अर्कानारच्या राज्यात डॉन रुमाता नावाचा उमराव म्हणून वावरतो. कपाळावरच्या पट्ट्यात त्याने कॅमेरा दडवलेला आहे. त्याला जे दिसतं ते पृथ्वीवर पाहिलं जातं. घरातल्या यंत्रात लाकडाचा भुसा ओतला की सोन्याची नाणी बाहेर पडतात. तलवारीत त्याच्या तोडीचा तिथे कुणी नाही. एवढं सगळं हाताशी असून त्याच्यावर बंधन एकच : बघायचं, नोंदवायचं, जमेल तेवढी मदत गुपचूप करायची, पण कुणाचा जीव घ्यायचा नाही आणि इतिहासाची दिशा वळवायची नाही.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. मला हे पुस्तक जे भिडलं ते त्यातल्या यंत्रांमुळे नाही, त्यातल्या इतिहासकारांमुळे. संस्थेकडे समाज कसा पुढे सरकतो याचा एक पक्का सिद्धांत आहे. सरंजामशाहीत काय घडू शकतं आणि काय घडूच शकत नाही, हे त्यात बसवलेलं आहे. आणि रुमाताच्या डोळ्यांसमोर तर सिद्धांतात न बसणारं काहीतरी उभं राहतंय. डॉन रेबा नावाचा एक सामान्य वकुबाचा मंत्री राजाच्या सुरक्षेची सूत्रं हातात घेतो, दुकानदारांच्या आणि खाटकांच्या पोरांना करड्या गणवेशात उभं करतो आणि लिहिता-वाचता येणाऱ्या माणसांची शिकार सुरू होते. कवी, वैद्य, ज्योतिषी, किमयागार, साधा कारकूनसुद्धा सुटत नाही. रुमाता ओरडून सांगतो की हे मध्ययुगातलं नेहमीचं क्रौर्य नव्हे, हे आपण आपल्या विसाव्या शतकात पाहिलेलं आहे. त्याचे वरिष्ठ डॉन कोंडोर हे दयाळू, विचारी गृहस्थ आहेत. ते त्याला शांत राहायला सांगतात. घाई करू नकोस, भावनेच्या भरात काही करून बसशील.

जंगलातल्या झोपडीतली ही भेट मी पुन्हा पुन्हा वाचली. फळ्यावर प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक अशी कालरेषा काढताना माझ्या हाताला एक सवय लागलेली आहे. पुढचा टप्पा येणारच, असं ती रेषा परस्पर सांगून टाकते. मधल्या टप्प्यात जे चिरडले गेले त्यांना त्या रेषेवर जागा नसते. स्त्रुगात्स्कींनी या कादंबरीत त्यांनाच समोर आणून बसवलंय. पुढारलेल्या माणसाचं ज्ञान त्याला किती उशिरा बघू देतं, हे इतक्या स्वच्छपणे मांडलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

पुस्तकाचं शिखर म्हणजे डॉक्टर बुदाख आणि रुमाता यांचं संभाषण. रुमाता विचारतो, देवाला सल्ला द्यायचा झाला तर काय द्याल? बुदाख म्हणतो, माणसांना पोटभर अन्न दे, डोक्यावर छप्पर दे. रुमाता म्हणतो, बलवान ते दुबळ्यांकडून हिसकावून घेतील. मग बलवानांना शिक्षा कर. मग दुबळ्यांतलेच कुणी त्यांच्या जागी बसतील. मग सगळ्यांना सगळं भरपूर दे. मग ते कष्ट विसरतील. एकेक दार असं बंद होत जातं आणि शेवटी म्हातारा वैद्य सांगतो, मग आम्हाला आमच्या वाटेने जाऊ दे. त्यावर रुमाता जे उत्तर देतो ते मी इथे लिहिणार नाही. ते पानावरच वाचावं.

त्याच्याच जोडीला अराता. हा कुबडा बंडखोर आयुष्यभर उठाव करत आणि हरत आलेला आहे. त्याला रुमाता कोण आहे हे ठाऊक आहे आणि तो सरळ विजा मागतो, म्हणजे शस्त्रं. देणार नसशील तर आकाशातून खाली आलासच कशाला, हा त्याचा प्रश्न. रुमाताकडे उत्तर आहे, पण ते पुरत नाही, आणि लेखक ते पुरतं असं भासवतही नाहीत.

एवढं सगळं वाचून पुस्तक जड असेल असं वाटेल. तसं नाही. तलवारबाजी आहे, दरबारातली कारस्थानं आहेत, आणि बॅरन पाम्पा आहे. हा अवाढव्य, गडगडाटी, दारू पिणारा, बायकोवर जीव टाकणारा सरदार आला की पान उजळतं. मुळात ही मस्केटियरांच्या धाटणीची धमाल साहसकथा व्हायची होती, हे बोरिस यांनी उपसंहारात सांगितलंय. डिसेंबर १९६२ मध्ये मॉस्कोतल्या चित्रप्रदर्शनात सोव्हिएत संघाचा तेव्हाचा सर्वोच्च नेता ख्रुश्चेव्हने चित्रकारांना फैलावर घेतलं, पाठोपाठ लेखकांचीही झाडाझडती सुरू झाली, आणि कथेचा सूर बदलला. रेबाचं नाव आधी रेबिया होतं. अक्षरं हलवली की बेरिया होतो, म्हणजे स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख. ज्येष्ठ लेखक इव्हान येफ्रेमोव्ह यांच्या सल्ल्याने ते बदललं. स्वस्तात मिळणाऱ्या, गुळगुळीत कागदाच्या सोव्हिएत पुस्तकांवर वाढलेल्या माझ्यासारख्या मराठी वाचकाला हा उपसंहार वेगळाच रशिया दाखवतो.

खटकलेल्या गोष्टीही सांगते. कीरा ही रुमाताची प्रेयसी. ती चांगली आहे, धीराची आहे, पण तिला स्वतःचं असं फार काही दिलेलं नाही. ती रुमाताच्या दुःखासाठीच आणल्यासारखी वाटते. दरबारातल्या डोना ओकानाची गत त्याहून वाईट. एवढ्या समंजस पृथ्वीवरून आलेल्या लेखणीने बायकांकडे जरा अधिक लक्ष द्यायला हवं होतं. सुरुवातीला डॉन अमुक, डॉन तमुक यांचा गोंधळही होतो. एका कागदावर नावं लिहून ठेवा, दोन-तीन प्रकरणांत सवय होते. आणि जंगलात खेळणाऱ्या तीन मुलांची प्रस्तावना कथेशी जुळत नाही असं वाटलं तरी गाळू नका. एकदिशा रस्त्याची पाटी, तरीही उलट दिशेने गेलेला अंतोन आणि त्याला तिथे सापडलेला महायुद्धातल्या सैनिकाचा सांगाडा, यावर पुढचं सगळं उभं आहे.

प्रत घेताना ओलेना बोर्माशेंको यांचा इंग्रजी अनुवाद घ्या, शिकागो रिव्ह्यू प्रेसने २०१४ मध्ये काढलेला. तो थेट रशियनवरून आहे आणि संवाद खटकेबाज राहिलेत. १९७३ चा जुना इंग्रजी अनुवाद जर्मनमार्गे आलेला आहे. रद्दीच्या दुकानात स्वस्तात दिसला तरी पहिल्या वाचनासाठी तो नको. अलेक्सेई गेरमान यांचा २०१३ चा कृष्णधवल चित्रपटही आहे, जवळपास तीन तासांचा. तो आधी पाहू नका. त्यात कोण कोण आहे हे कुणी समजावून सांगत नाही, आणि चिखल-थुंकीचा तो मारा पुस्तक वाचलेल्यालाच पेलतो. नववी-दहावीच्या मुलांना मी हे देणार नाही, शेवटाकडची हिंसा त्यांच्यासाठी जास्त आहे. पण इतिहास शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी ते आग्रहाने ठेवेन.